एका प्रभागाचे चार प्रतिनिधी : खानदेशातील बहुसदस्यीय मतदारसंघ

जळगाव महानगरपालिकेत नगरसेवक ७५ आणि प्रभाग १९. धुळे महानगरपालिकेत नगरसेवक ७४ आणि प्रभाग तेवढेच, १९. जळगावचे अठरा प्रभाग चार-चार जागांचे आहेत, एक तीन जागांचा. धुळ्याचे सतरा प्रभाग चार जागांचे, दोन तीन जागांचे. एकाच मतदारसंघातून एकाहून अधिक प्रतिनिधी निवडून देण्याच्या या व्यवस्थेला बहुसदस्यीय मतदारसंघ म्हणतात. लोकसभा आणि विधानसभेला एक मतदारसंघ, एक प्रतिनिधी हीच रीत अंगवळणी पडलेली असल्याने ही व्यवस्था अनेकांना अलीकडची वाटते. ती अलीकडची नाही. खानदेशाने ती ब्रिटिश अमदानीत पाहिली, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन निवडणुकांच्या काळात देशभर ती होती, आणि मधल्या चार दशकांच्या खंडानंतर ती महानगरपालिकांच्या दाराने परत आली. परत येताना तिचा एक महत्त्वाचा भाग मात्र मागे राहून गेला. तो कोणता, हे समजायला मतदान केंद्रापासून सुरुवात करणे सोयीचे पडते.

चार जागांच्या प्रभागात मतदार एक मत देत नाही, चार देतो. जागांना अ, ब, क, ड अशी नावे असतात. प्रत्येक जागेची मतपत्रिका वेगळ्या रंगाची: पांढरी, फिकट गुलाबी, फिकट पिवळी, फिकट निळी. मतदार अ जागेसमोरचे एक बटण दाबतो, दिवा लागतो. मग ब, मग क, मग ड. चारही जागांसाठी बटण दाबून झाल्यावरच शेवटचा लांब बीप वाजतो आणि मत पूर्ण होते. एखाद्या जागेवरचा कोणीच पसंत नसेल तर तिथे नोटाचे बटण दाबावे लागते. वयस्क मतदार दोन बटणे दाबून बाहेर निघू लागतो, केंद्रावरचे कर्मचारी त्याला हाका मारून मागे बोलावतात, रांग खोळंबते. हे दृश्य २०१८ मध्ये दोन्ही शहरांनी पाहिले. प्रचारातही म्हणूनच उमेदवाराच्या नावापेक्षा ‘पॅनल’ मोठे झाले. एका चिन्हासमोरची चारही बटणे दाबा, एवढाच निरोप घरोघर पोहोचवला की काम भागते.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. मतदारसंघ एक असला तरी निवडणुका चार असतात. अ जागेचे उमेदवार फक्त अ जागेच्या उमेदवारांशी लढतात. चार जागांची मते एकत्र करून त्यांची वाटणी होत नाही. प्रत्येक जागेवर सर्वांत जास्त मते मिळवणारा निवडून येतो. चारही लढतींचे मतदार मात्र तेच, त्यामुळे एका लढतीचा कल चारही लढतींचा कल होण्याची शक्यता दाट असते.

आकड्यांनी हे स्पष्ट होईल. समजा, एका काल्पनिक प्रभागात १०,००० लोकांनी मतदान केले. पहिल्या पॅनलच्या मागे ४,२०० मतदार आहेत, दुसऱ्याच्या मागे ३,३०० आणि तिसऱ्याच्या मागे २,५००. मतदारांनी आपापले पॅनल सोडले नाही तर अ जागेवर पहिले पॅनल जिंकते, ब वर तेच, क आणि ड वरही तेच. ४२ टक्के मतदारांना चारपैकी चार नगरसेवक मिळतात. उरलेल्या ५८ टक्क्यांना, म्हणजे ५,८०० माणसांना, त्या प्रभागातून एकही मिळत नाही. एकसदस्यीय वॉर्डात असे घडले तर निदान शेजारच्या लहान वॉर्डात दुसऱ्या पॅनलची वस्ती दाट असू शकते आणि तिथून त्याचा माणूस निवडून येऊ शकतो. चार वॉर्ड जोडून मोठा प्रभाग केला की ती लहान वस्तीही मोठ्या बेरजेत विरघळते.

प्रत्यक्षात मतदार इतके शिस्तीने वागत नाहीत. ओळखीचा उमेदवार, नात्यातला उमेदवार, गल्लीतला उमेदवार यांच्यासाठी लोक पॅनल मोडतात, आणि काही प्रभागांत निकाल मिश्र लागतात. तरीही पद्धतीचा ओढा एकाच दिशेने असतो. १ ऑगस्ट २०१८ च्या मतदानात जळगावात भारतीय जनता पक्षाला ७५ पैकी ५७ जागा मिळाल्या, शिवसेनेला १५, एमआयएमला ३. काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस या दोन्ही पक्षांची पाटी कोरी राहिली. त्याच वर्षी डिसेंबरात धुळ्यात भाजपने ७४ पैकी ५० जागा घेतल्या. विजय कोणाचा झाला हा या विवेचनाचा मुद्दा नाही. उद्या लाट दुसऱ्या पक्षाची आली तर पद्धत त्यालाही असेच भरभरून देईल. ज्या शहरात दशकानुदशके काम केलेले दोन जुने पक्ष आहेत, त्यांच्या मतदारांचा एकही माणूस सभागृहात नसावा, हे त्या मतदारांवर अन्याय करणारे आहे आणि सभागृहालाही दुबळे करणारे आहे.

प्रभाग कसा आखतात, तेही पाहण्यासारखे आहे. आधार २०११ च्या जनगणनेचा. तेव्हा जळगाव शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार होती. तिला ७५ ने भागले की एका नगरसेवकामागे सहा हजारांहून थोडे अधिक लोक येतात, आणि चार जागांच्या प्रभागात सुमारे साडेचोवीस हजार. आखणी उत्तरेकडून सुरू करायची, पूर्वेकडे-पश्चिमेकडे वळत दक्षिणेला संपवायची, जनगणनेचा प्रगणक गट फोडायचा नाही, नदी, नाले, रेल्वे, मोठे रस्ते यांच्या नैसर्गिक हद्दी शक्यतो पाळायच्या, असे नियम आहेत. आधी प्रारूप रचना प्रसिद्ध होते, त्यावर हरकती व सूचना मागवतात, सुनावणी होते, मग अंतिम रचना. त्यानंतर आरक्षणाची सोडत निघते आणि कोणती जागा कोणाची ते चिठ्ठी ठरवते. सोडतीच्या दिवशी सभागृहात इच्छुकांची जी घालमेल असते, ती शहराच्या राजकारणाची खरी नाडी होय.

साडेचोवीस हजारांचा प्रभाग म्हणजे एक वस्ती नव्हे. धुळे शहर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कॅप्टन जॉन ब्रिग्जच्या देखरेखीखाली आखले गेले. आजही जुन्या धुळ्यातला माणूस पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतो. पांझरेपलीकडचे देवपूर वेगळे, मोगलाई वेगळी, मिल परिसर वेगळा. २०१८ मध्ये महापालिकेची हद्द वाढली आणि भोवतालची गावेही शहरात आली. त्या गावांची शेती, पांदी, नळ-योजना यांची दुखणी आग्रा रोडवरच्या दुकानदाराच्या दुखण्यांपेक्षा निराळी. जळगावात रेल्वेमार्गापलीकडचे शिवाजीनगर, पिंप्राळा, मेहरुण, शनिपेठ यांचीही प्रत्येकी स्वतंत्र ओळख आहे. पूर्वी वॉर्ड लहान असे तेव्हा नगरसेवक सकाळी फेरी मारताना दिसे, आणि तुंबलेल्या गटारीवर उभे राहून त्याला चार शब्द ऐकवता येत. आता प्रभागात चार नगरसेवक आहेत. घंटागाडी चार दिवस आली नाही, खांबावरचा दिवा लागत नाही, तर जायचे कोणाकडे? कायद्यानुसार चौघांची जबाबदारी सारखीच आहे, पण व्यवहारात चौघे प्रभाग आपसांत वाटून घेतात, आणि ती वाटणी कोणत्याही कागदावर नसते. नागरिकाला ती अनुभवाने शिकावी लागते. चौघे वेगवेगळ्या पक्षांचे असले की कामाचे श्रेय चौघांचे आणि दिरंगाई उरलेल्या तिघांची, असा प्रकार होतो. शिवाय एका नगरसेवकाचे निधन झाले किंवा पद गेले तर त्या एका जागेसाठी संपूर्ण प्रभागात पोटनिवडणूक घ्यावी लागते.

जळगावात याला आणखी एक जोड मिळाली. मार्च २०२१ मध्ये महापौर निवडीच्या वेळी भाजपचे दोन डझनांहून अधिक नगरसेवक दुसऱ्या बाजूला गेले आणि ५७ जागांच्या पक्षाचा उमेदवार ४५ विरुद्ध ३० मतांनी पडला. पॅनल म्हणून मागितलेली मते पॅनल म्हणून टिकली नाहीत. मतदाराने चार बटणे एका चिन्हावर दाबली होती; त्या चारांतून कोण कुठे गेले, याचा हिशेब मागण्याची सोय पुढच्या निवडणुकीपर्यंत नव्हती. ती निवडणूकही लांबली. २०२३ मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली, प्रशासक आले, आणि मतदान थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. प्रभाग पुन्हा १९-१९ च.

या पद्धतीचा इतिहास एकसंध नाही. राज्यात २००२ च्या सुमारास तीन सदस्यांचे प्रभाग होते. २००७ च्या फेरीत एकसदस्यीय वॉर्ड परतले. २०१२ च्या फेरीत दोन सदस्यांचे प्रभाग झाले, २०१७ च्या फेरीत चार सदस्यांचे. जळगाव आणि धुळे २०१८ मध्ये त्या चाराच्या पद्धतीत आले. २०१९ च्या अखेरीस नव्या सरकारने पुन्हा एकसदस्यीय वॉर्डाचा कायदा केला, २०२१ मध्ये त्याच सरकारने तीनचा प्रभाग ठरवला, २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर पुन्हा चार. मुंबई महानगरपालिका तेवढी या साऱ्यातून सुटली. तिचा कायदा १८८८ चा आणि वेगळा, तिथे २२७ वॉर्ड व २२७ नगरसेवक. वीस वर्षांत इतके बदल झाले, आणि त्यांपैकी एकाही वेळी मते कशी मोजायची यावर विधिमंडळात गंभीर चर्चा झाल्याचे दिसत नाही. चर्चा झाली ती एका प्रभागात किती नगरसेवक असावेत, एवढ्यावरच.

पूर्वी ही चर्चा याच प्रांतात फार वरच्या पातळीवर झाली होती. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. एकाचे मुख्य ठाणे जळगाव, दुसऱ्याचे धुळे. १९३२ च्या पुणे कराराने दलितांचे स्वतंत्र मतदारसंघ गेले, पण संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. एक राखीव आणि बाकीच्या सर्वसाधारण, अशा जागा एकाच मतदारसंघात ठेवायच्या तर तो बहुसदस्यीयच असावा लागतो. १९३५ च्या कायद्याप्रमाणे १७५ जागांची मुंबई विधानसभा झाली, तिच्यात अनुसूचित जातींसाठी १५ आणि मराठा व संबंधित जातींसाठी ७ जागा राखीव होत्या, आणि मुंबई प्रांताने या बहुसदस्यीय मतदारसंघांसाठी संचयी मताची पद्धत ठेवली. संचयी मत म्हणजे काय? तीन जागा असतील तर मतदाराला तीन मते. ती तिघांना वाटावीत, एकाला दोन व दुसऱ्याला एक द्यावीत, किंवा तिन्ही एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकावीत. संख्येने लहान पण एकजुटीच्या समाजाला हे मोठे बळ होते. वरचा काल्पनिक प्रभाग घेऊन पाहिले तर २,५०० मतदारांच्या गटाकडे प्रत्येकी चार, म्हणजे १०,००० मते आहेत. ती सारी एकाच उमेदवाराला दिली तर ४,२०० मतदारांचे पॅनल १६,८०० मते चार जणांत समान वाटून प्रत्येकाला जेमतेम ४,२०० देऊ शकेल. लहान गटाचा माणूस निश्चित निवडून येतो.

१९३६ च्या डिसेंबरात पूर्व खानदेशातल्या फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत १९३७ ची निवडणूक आली. काँग्रेसचा जोर शिगेला पोहोचला होता. अशा जिल्ह्यातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे दौलत गुलाजी जाधव निवडून गेले. मताधिकार मर्यादित होता, साधने तुटपुंजी होती. पण आपल्या हातातली सारी मते आपल्या माणसामागे उभी करण्याची मुभा मतदारांना होती, आणि तिचा उपयोग कसा करायचा हे पक्षाने गावोगाव समजावून सांगितले होते.

स्वातंत्र्यानंतर बहुसदस्यीय मतदारसंघ राहिले, संचयी मत गेले. १९५१-५२ च्या निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ जागांसाठी ४०१ मतदारसंघ होते. त्यांत ८६ दोन जागांचे आणि एक तीन जागांचा. मुंबई राज्याच्या विधानसभेत ३१५ जागांसाठी २६८ मतदारसंघ होते. १९५७ मध्ये विस्तारलेल्या द्विभाषिक मुंबई राज्यात ३९६ जागा आणि ३३९ मतदारसंघ झाले. दोन जागांच्या मतदारसंघात मतदाराला दोन मते मिळत, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. याचा फटका कोणाला बसला, ते मुंबईने पाहिले. १९५२ मध्ये उत्तर मुंबईच्या दोन जागांच्या मतदारसंघातून आंबेडकर लोकसभेला उभे राहिले आणि राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. राखीव जागेचा निकाल सर्व समाजांच्या मतांनी लागत होता, आणि आपली दोन्ही मते बाबासाहेबांना देण्याची मुभा त्यांच्या माणसांना नव्हती. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत तसाच दोन जागांचा मतदारसंघ होता. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, आंबेडकर पुन्हा पराभूत झाले.

पुढचे वळण आंध्रातल्या पार्वतीपुरम येथे आले. १९५७ मध्ये तिथल्या दोन जागांच्या लोकसभा मतदारसंघात कायद्याप्रमाणे आधी राखीव जागा अनुसूचित जमातींच्या सर्वाधिक मते मिळालेल्या उमेदवाराला दिली गेली. उरलेली जागा मतांच्या क्रमाने पुढच्या उमेदवाराला द्यायची होती. तोही अनुसूचित जमातीचाच, डिप्पला सुरी डोरा, निघाला. मागे पडलेले उमेदवार होते व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झालेले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५९ मध्ये हरले. न्यायालयाचा निर्णय न्याय्य होता: सर्वसाधारण जागा सर्वांची असते, राखीव गटातल्या माणसालाही ती मिळू शकते. राजकीय वर्गाला मात्र हे रुचले नाही. अवाढव्य मतदारसंघ आणि न परवडणारा प्रचार अशीही कारणे पुढे आली, आणि १९६१ मध्ये दोन जागांचे मतदारसंघ कायद्याने रद्द झाले. १९६२ पासून लोकसभा-विधानसभेला एकसदस्यीय मतदारसंघ आहेत.

आंबेडकरांचे या प्रश्नावरचे मत काळाबरोबर बदलत गेले, आणि ते बदलणे त्यांच्या प्रामाणिकपणाची साक्ष देते. जानेवारी १९४९ मध्ये घटना समितीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी बहुसदस्यीय मतदारसंघ आणि संचयी मताची दुरुस्ती मांडली तेव्हा साक्षरतेचे प्रमाण आणि सरकारचे स्थैर्य ही कारणे देऊन आंबेडकरांनी तिला विरोध केला. नंतर १९५२ आणि १९५४ चे अनुभव आले. १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिलेल्या पुस्तिकेत, बहुसंख्य जातीच्या हाती एकवटणाऱ्या सत्तेला आवर घालण्यासाठी त्यांनी स्वतः सुचवलेला उपाय हा होता: एकसदस्यीय मतदारसंघांऐवजी दोन-तीन जागांचे मतदारसंघ आणि त्यांत संचयी मत. महाराष्ट्राने बहुसदस्यीय मतदारसंघ घेतले, त्याला जोडलेली मतपद्धती घेतली नाही. आरंभी म्हटलेला मागे राहिलेला भाग तो हाच.

वेल्सने नेमका हाच भाग पकडला. ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेच्या या देशाची २०२१ ची लोकसंख्या सुमारे ३१ लाख. २०११ ची एकट्या जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या याहून जास्त, ४२ लाखांवर, आणि त्या ४२ लाखांचे विधानसभेतले आमदार ११. वेल्सचे कायदेमंडळ, सेनेद, १९९९ पासून ६० सदस्यांचे होते: ४० एकसदस्यीय मतदारसंघांतून आणि २० प्रादेशिक यादीतून. शिक्षण, आरोग्य, करांचे काही अधिकार असे काम वाढत गेले आणि ६० सदस्य, त्यातून मंत्री वगळता उरणारे मूठभर, समित्यांना पुरेनात. जून २०२४ मध्ये राजमुद्रा उमटलेल्या कायद्याने सदस्यसंख्या ९६ झाली आणि मे २०२६ च्या निवडणुकीसाठी जुनी दुहेरी रचना मोडून १६ मतदारसंघ आखले गेले, प्रत्येकी सहा जागांचे. आखणीची रीत सोपी होती. ब्रिटिश संसदेसाठी वेल्समध्ये ३२ मतदारसंघ आहेत. शेजारशेजारच्या दोघांची जोडी केली की १६ होतात. कोणाची जोडी कोणाशी, हे ठरवण्यासाठी स्वतंत्र आयोगाने प्रस्ताव प्रसिद्ध केले, लोकांचे म्हणणे ऐकले, आणि मार्च २०२५ मध्ये अंतिम रचना जाहीर केली. नावे वेल्श भाषेतली ठेवली. ‘बांगोर कॉन्वी मोन’ या मतदारसंघात मेनाई सामुद्रधुनीपलीकडचे अख्खे बेट आणि अलीकडची मुख्य भूमी एकत्र आली. बेटावरच्या लोकांना आपले वेगळेपण बुडेल अशी भीती वाटावी हे स्वाभाविक. शिवाजीनगरच्या माणसाला रुळाअलीकडच्या वस्त्यांबद्दल वाटते तशीच ती.

फरक मोजणीत आहे. तिथे मतदार एकच मत देतो, पक्षाच्या यादीला किंवा अपक्ष उमेदवाराला. मोजणी बेल्जियमच्या व्हिक्टर डी’होंट यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या पद्धतीने होते. प्रत्येक पक्षाच्या मतांना १, २, ३, ४ असे क्रमाने भागायचे, आलेल्या भागाकारांतून सर्वांत मोठे भागाकार निवडत जायचे, आणि जितक्या जागा तितके भागाकार झाले की थांबायचे. वरचेच १०,००० मतांचे उदाहरण चार जागांसाठी लावले तर ४,२००, ३,३००, २,५०० हे एकने भागलेले आकडे; दोनने भागलेले २,१००, १,६५०, १,२५०. पहिले चार मोठे आकडे ४,२००, ३,३००, २,५०० आणि २,१००. म्हणजे पहिल्या पॅनलला दोन, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला एक. मतदार तेच आणि त्यांनी दिलेली मतेही तीच, तरी ४-०-० चा निकाल २-१-१ झाला. या पद्धतीत सहा जागांच्या मतदारसंघात सातव्या भागाहून अधिक मते मिळवणाऱ्या पक्षाची एक जागा नक्की होते. चार जागांत ती पाचव्या भागाहून अधिक मतांना.

वेल्सच्या पद्धतीत एक उणीव आहे आणि ती लहान नाही. यादी बंद असते. कोण पहिला, कोण सहावा, हे पक्ष ठरवतो. मतदार त्यात फेरफार करू शकत नाही. पद रिकामे झाले की यादीतला पुढचा माणूस येतो, पोटनिवडणूकच नाही. जळगाव-धुळ्याच्या मतदाराला निदान माणूस निवडता येतो, नको तो पाडता येतो. खानदेशात बंद यादी आणली तर तिकीट वाटणाऱ्यांच्या हाती आहे त्याहून अधिक सत्ता जाईल. हा बदल इथे मुळीच घेऊ नये.

घेण्याजोगा मार्ग तिसरा आहे: एकल संक्रमणीय मत. मतदार उमेदवारांना १, २, ३ असे पसंतीक्रम देतो. ठरावीक कोटा गाठला की उमेदवार निवडून येतो. त्याची जादा मते आणि तळाशी राहून बाद झालेल्यांची मते पुढच्या पसंतीकडे सरकतात. आयर्लंडचे कनिष्ठ सभागृह तीन ते पाच जागांच्या मतदारसंघांतून याच रीतीने निवडले जाते, आणि स्कॉटलंडच्या नगरपरिषदा २००७ पासून. ही पद्धत महाराष्ट्राला अनोळखी नाही. राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार अशाच पसंतीक्रमाने मत देतात. कोट्याची गणिते त्या दिवशी सर्व वृत्तपत्रे छापतात. आमदारांना जे जमते ते चार बटणे दाबणाऱ्या सामान्य मतदाराला जमणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

आरक्षणाचे काय, हा प्रश्न खरा आहे. चार जागांचा प्रभाग सध्या एक काम चांगले करतो. २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांना निम्म्या जागा आहेत. एकसदस्यीय वॉर्डात सोडतीने वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला की पाच वर्षे काम केलेल्या नगरसेवकाला बाजूला व्हावे लागते आणि पुढच्या सोडतीत त्या नगरसेविकेचीही तीच गत होऊ शकते. चारच्या प्रभागात साधारणपणे दोन जागा महिलांच्या असल्याने दोघांचीही जागा राहते. हा लाभ घालवायचा नाही. पण त्यासाठी प्रत्येक जागेची वेगळी लढत असावीच लागते असे नाही. १९५१ च्या कायद्यात याचे उत्तर होते: एकत्र मोजणी करून आधी राखीव गटातल्या सर्वाधिक मतांच्या उमेदवाराला राखीव जागा द्यायची, मग उरलेल्या जागा उरलेल्यांत मतांच्या क्रमाने. याच नियमाने पार्वतीपुरमचा निकाल लागला होता. पसंतीक्रमाच्या मोजणीतही, राखीव जागा भरेपर्यंत त्या गटातल्या आवश्यक तितक्या उमेदवारांना बाद करायचे नाही, असा नियम घालून हे साधता येते.

या बदलासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३आर मध्ये प्रभागांतून थेट निवडणूक सांगितली आहे. एका प्रभागात किती जागा आणि मते कशी मोजायची, यावर त्यात बंधन नाही. नगरपालिकांच्या निवडणुकीचे कायदे करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाचा आहे. प्रभागात एक सदस्य, दोन, तीन की चार, हे बदल त्याच अधिकारात झाले. मोजणीची पद्धतही त्याच अधिकारात बदलता येते, आणि चार जागांचे प्रभाग ठेवायचे असतील तर ती बदललीच पाहिजे. बदलायची नसेल तर एक वॉर्ड, एक नगरसेवक हीच व्यवस्था नागरिकांच्या अधिक हिताची ठरते. हा कायदा करणाऱ्या राज्य विधिमंडळाच्या विधानसभेत जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतून १६ आमदार बसतात.